उलाळ गाडी

शटरची रुंदी मी आधीच मोजली होती. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण शिवणक्लासच्या गाळ्यात मी झोपायची गाडी बांधली हे कळलं की प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच असतो, "मग बाहेर कशी काढलीत?" शटर आठ फुटी आहे, गाडी चाकांसकट साडेपाच. कागदावर कटिंग काढल्याशिवाय कापडाला कात्री न लावणारी बाई आहे मी. माझ्या चुका झाल्या त्या वेगळ्या.

गाडी म्हणजे इंजिन नसलेली. मोटारीच्या मागे हुकाला अडकवून ओढत न्यायची. आत फक्त एक गादी. मागच्या बाजूचं झाकण वर उचललं की तिथे स्वयंपाकाची जागा. बाजूनं पाहिलं तर आडव्या पडलेल्या पाण्याच्या थेंबासारखी, पुढे गोल आणि मागे निमुळती. बाहेरच्या देशातली माणसं असल्या गाड्या घरच्या घरी बनवतात, त्याचे व्हिडिओ मी पाहिले होते. त्यात नेहमी एक नवरा, एक बायको आणि एक कुत्रा असतो. माझ्याकडे तिन्हीतलं काही नव्हतं. लग्न झालं होतं, टिकलं नाही, आणि त्यावर इथे आणखी लिहिणार नाही.

डोंबिवलीत माझा शिवणक्लास आहे. पूर्वी सकाळी, दुपारी, संध्याकाळी बायका यायच्या. आता सकाळची एक बॅच उरली आहे, तीही लग्नसराईच्या आधी भरते आणि नंतर विरते. दुपारपासून गाळा रिकामा असतो. मोठं कटिंगचं टेबल, भिंतीला पट्ट्या आणि फ्रेंच कर्व्ह टांगलेले, ट्यूबलाइट चांगली. लाकूडकाम करायला याहून बरी जागा मला कोणी दिली नसती.

पण मुळात गाडी कशाला, ते सांगते. आमचं गाव मुरबाडच्या पुढे. वडील गेल्यावर धाकट्या भावानं तिथे स्लॅबचं नवीन घर बांधलं. पौषात गावची जत्रा असते तेव्हा मी दरवर्षी जाते, दोन-तीन दिवस राहते. जत्रेला घर पाहुण्यांनी भरतं. भावाच्या सासरचे येतात, त्याच्या मुलाचे मित्र येतात, मुलीच्या सासरची मंडळी आता नव्यानं यायला लागली आहेत. गाडीचं मनात आलं त्या वर्षी माझी गादी आधी पुढच्या खोलीत होती, मग जावयाच्या आईला हवा लागत नाही म्हणून देवघरासमोर आली, मग तिथे नारळांची पोती ठेवायची म्हणून जिन्याखालच्या बोळात गेली. मागच्या दाराकडे जाणारा प्रत्येक जण मला ओलांडून जात होता. वहिनी परातीत पीठ मळत होती. मला उशी शोधताना बघून म्हणाली, "ताई, तुमचं बाकी बरंय. एकटा जीव. कुठंही मावाल."

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. आणि मी मावलेही. पण डोंबिवलीला परत आल्यावर ते वाक्य काही डोक्यातून उतरेना. मी ठरवून टाकलं, पुढच्या जत्रेला जायचं तर आपली झोपायची जागा आपल्याबरोबर घेऊन जायची, नाहीतर जायचं नाही. न जाण्याचा अर्थही मला ठाऊक होता. एक वर्ष चुकलं की पुढच्या वर्षी बोलावण्याचा फोन उशिरा येतो, आणि त्याच्या पुढच्या वर्षी येतच नाही. कोणी मुद्दाम करत नाही. माणसं विसरतात. डोंबिवलीत मला गाळा होता, वरच्या मजल्यावर घर होतं, पण ज्यांच्या दारात मी 'आले गं' म्हणून ओरडू शकते असं दार ते एकच उरलं होतं.

चाकांचा सांगाडा मी कागदपत्रांसकट तयार विकत घेतला. आपण स्वतः लोखंड जोडून बनवलेल्या सांगाड्याला रस्त्यावर चालवायची परवानगी मिळवण्यात जन्म गेला असता. माझ्या मोटारीला मागे हूक ठाण्यात, खोपटच्या एका गॅरेजमधून बसवून घेतला. प्लायवूड कल्याणच्या वखारीतून आणलं. वखारीतल्या माणसानं विचारलं, "किचन ट्रॉली करताय का?" मी हो म्हटलं. खरं सांगायला फार वेळ लागला असता.

बाजूचा आकार मी खाकी कागदावर काढला. आठ फुटांचा कागद जमिनीवर पसरून, गुडघ्यांवर बसून. बाहीचा गोल काढतात तसाच तो आकार येतो, फक्त झोपलेल्या माणसाच्या मापाचा. मग मी तो कागद प्लायवर ठेवला, खडूनं आखला, आणि तीस वर्षांच्या सवयीनं शिलाईसाठी सोडतात तशी सगळीकडून एक इंच माया सोडून कापला.

प्लायला दुमडायचं काही नसतं. तो एक इंच मला दुसऱ्या दिवशी सांगाड्यावर कापलेली बाजू उभी केल्यावर दिसला. सकाळच्या बॅचच्या बायका हसून हसून मशीनवर पडल्या. "मॅडम, आम्ही सोडली नाही तर ओरडता की!" मी त्यांच्यासमोरच तो इंच कापून काढला. करवतीचं मशीन हातात थरथरत होतं आणि भुसा ब्लाउजपीसच्या गठ्ठ्यावर उडत होता. त्यानंतर मी जास्त जपून काम केलं. वरच्या गोलाईवर पातळ प्लाय वाकवायला ओल्या चादरी घालून ठेवल्या. पत्र्याची पट्टी गोल कडेला बसेना तेव्हा गळ्याच्या पट्टीला देतो तसे तिला जागोजागी कट दिले, मग बसली. सांधे सिलिकॉननं भरले, वरून पाइपनं पाणी मारलं, गळलं तिथे पुन्हा भरलं. हे सगळं दुपारी, एकटीनं. प्लायचं दुसरं टोक धरायला कोणी नसलं की ते मशीनच्या स्टँडला टेकवायचं, इतकंच.

शेजारी झेरॉक्सचं दुकान आहे. तिथला मालक रोज शटरमधून डोकावायचा. त्याचं ठाम मत होतं की मी खाण्याची गाडी काढते आहे.

"मॅडम, वडापाव की चायनीज?"

"झोपायची गाडी आहे."

"हां हां, सांगू नका. पण स्टेशनच्या बाजूला लावा. इकडे धंदा नाही."

गादीवाल्यानं तर मला धारेवरच धरलं. आतली रुंदी चार फूट होती, म्हणून मी चार फुटी गादी सांगितली. तो म्हणाला, "ताई, सिंगल घ्या नाहीतर डबल घ्या. चार फुटांत दोघं झोपली तर भांडण आणि एकटं झोपलं तर उधळपट्टी."

"उधळपट्टी करा," मी म्हटलं.

आता ओट्याबद्दल. व्हिडिओतल्या गाड्यांना मागे लाकडाची फळी असते. त्यावर ती माणसं पाव कापतात, अंडी फोडतात. त्यांना पोळ्या करायच्या नसतात. लाकडी फळीवर पोळपाट ठेवला की नाचतो, हे मला करून बघायची गरज नव्हती. ओटा म्हणजे दगडाचा. वरच्या घरातल्या स्वयंपाकघराला ग्रॅनाइट बसवलं तेव्हा काढलेला कडप्पा गाळ्याच्या मागे भिंतीला उभा करून ठेवला होता. काळा, इंचभर जाड, वर्षानुवर्षांच्या हातानं गुळगुळीत झालेला. फरशीच्या दुकानवाल्याकडून तो मापात कापून घेतला, खाली दोन उभे तुकडे दिले, लोखंडी अँगल लावून बोल्ट पिळले. बॅचमधल्या चौघी आणि मी, अशा पाच जणींनी मिळून तो चढवला. त्यातली एक, जिला ब्लाउजची बाही अजून नीट बसत नाही, म्हणाली, "मॅडम, आता खरं घर वाटतंय." मलाही तसंच वाटलं. त्या संध्याकाळी मी गाळ्यातच त्या ओट्यावर दोन पोळ्या लाटल्या. पोळपाट जागचा हलला नाही.

कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी औद्योगिक भागातले रस्ते रिकामे असतात. तिथे मी गाडी जोडून सावकाश फिरवून आणली. वळली, थांबली, मागे घेताना दोनदा वाकडी झाली, पण ते शिकता येतं. गाळ्यात आणून हूक सोडवला, पुढचा दांडा हातानं उचलला तर एका हातानं वर आला. मला बाई किती आनंद झाला. किती हलकी बनवली आहे मी, असं वाटलं.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी निघाले. मागे ओट्याखाली पाण्याचा भरलेला कॅन, छोटा सिलिंडर, शेगडी, डबे, भावाच्या घरासाठी घेतलेला मिठाईचा खोका. कल्याण सोडलं, शहाडचा पूल ओलांडला, मुरबाडच्या रस्त्याला लागले. मोकळा रस्ता मिळाल्यावर जरा वेग वाढवला.

एका उतारावर गाडीनं शेपूट हलवलं. आधी थोडं. मला वाटलं वारा आहे. मग मोटारच मागून डावी-उजवी ओढली जायला लागली, जसं कोणी मागचा पदर धरून झटकतंय. स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. समोरून एसटी येत होती. मी ब्रेक दाबला नाही, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय नुसता काढला, आणि दोन्ही हातांनी चाक सरळ धरून ठेवलं. एसटी गेली. ड्रायव्हर काय बोलला ते काचेतून दिसलं. पुढे रस्त्याकडेला रसवंती होती, तिच्यासमोर कशीबशी थांबले. इंजिन बंद करून आधी तशीच बसले. मग उतरले, कारण बसून काही होणार नव्हतं.

रसवंतीवर नवराबायको होते. बाई चरकात ऊस घालत होती. गाडीकडे बघून म्हणाली, "जत्रंला चाललाय? काय, भजी लावनार का?"

"नाही," मी म्हटलं, आणि भावाला फोन लावला. दुसऱ्या कोणाला लावणार? सगळं सांगितलं.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मागं काय भरलंयस?"

"ओटा आहे. कडप्पाचा."

"दगड?" तो इतका हसला की फोन कानापासून लांब धरावा लागला. "ताई, अगं बैलगाडी विसरलीस? उलाळ झालीय तुझी गाडी!"

उलाळ. मागे भार जास्त झाला की बैलगाडी मागे कलते, पुढचा दांडा वर उठतो, जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं. त्याला उलाळ म्हणतात. शेतकऱ्याची मुलगी असून, दांडा एका हातानं वर आला तेव्हा मला ते आठवलं नव्हतं. भाताची पोती मागे जास्त झाली की वडील ओरडायचे, "पोरी, पुढं ये!" आणि मी पोत्यांवरून सरपटत पुढे जाऊन त्यांच्या मागे जुवापाशी बसायचे. माझ्या वजनानं दांडा खाली यायचा. घरापर्यंत मी तिथेच बसायचे, हलायची मुभा नसायची. भाऊ मागे पोत्यांवर लोळायचा. त्याचं वजन कुठे पडलं तरी चालायचं.

"ऐक," भाऊ म्हणाला. "ते खोकं ठेव तिथंच. मी पिकअप घेऊन येतो उद्यापरवा. तू आपली मोटार घेऊन ये. झोपायचं काय, करू कुठंतरी."

"बघते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

करू कुठंतरी. जिन्याखालचा बोळ रिकामाच असेल. मी रस्त्यात उभी राहून विचार केला, आणि फार वेळ केला नाही. गाडी इथे सोडून गेले तर मी पुन्हा तिला हात लावणार नव्हते, एवढं मला स्वतःबद्दल माहीत आहे. ती या बाईच्या उसाच्या चोथ्याशेजारी सडली असती, आणि मी बोळात मावले असते.

नटबोल्टचे पाने माझ्याकडे होते. झाकण उचललं आणि बोल्ट सोडवायला बसले. रसवंतीवाली काम सोडून बघायला आली. "आवं, नवाच दिसतोय. का काढताय?"

"जड झाला."

"मंग टाकनार कुठं?"

"तुम्हाला हवा का?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं दगडाकडे. दोघांनी मिळून हात लावला, मी एका बाजूनं. ओटा चरकाजवळ विटांवर ठेवला. ती लगेच फडकं घेऊन पुसायला लागली आणि ग्लास मांडले. तिनं मला रस दिला, पैसे घेतले नाहीत. मीही दगडाचे मागितले नाहीत. उभे तुकडेही तिथेच ठेवले. सिलिंडर आणि पाण्याचा कॅन दांड्यावर बसवलेल्या पुढच्या पेटीत घातले. मग दांडा उचलून बघितला. दोन्ही हातांनी, गुडघे वाकवून उचलावा लागला. एवढा जड दांडा लहानपणानंतर मी पहिल्यांदा उचलत होते.

त्यानंतर गाडीनं शेपूट हलवलं नाही.

गावात शिरले तेव्हा पोरं मागे धावली. "आइस्क्रीम! आइस्क्रीम आलं!" भावानं खळ्याच्या कडेला आंब्याखाली जागा दाखवली, चाकांमागे दगड लावले आणि दांडा उचलून पाहिला. "आता बरोबर," म्हणाला. मग आत डोकावून, "एवढी रुंद कशाला? तू तर एकटी."

"लोळायला," मी म्हटलं.

पाहुणे येऊन बघून गेले. जावयाच्या आईनं विचारलं की दोन मिनिटं बसू का, बसली, आणि गुदमरल्यासारखं होतं म्हणून उठली. मग जेवणं झाली, सगळे घरात गेले आणि मी माझ्या गाडीत. चादर माझी, उशी माझी. कोणी ओलांडून गेलं नाही. घरात कशावरून तरी मोठा हशा झाला. बोळात असते तर मला कळलं असतं कशावरून. मधल्या खळ्यातून तो आला तेव्हा त्यातले शब्द गळून गेले होते. मी कूस बदलली. जागा भरपूर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला घरात गेले तेव्हा कालच्या हशाबद्दल विचारायचं होतं, पण ते जुनं झालं होतं.

दुपारी मानाचं जेवण उरकलं. पुरुष पालखीपाशी गेले, पाहुण्या बायका जत्रेत बांगड्यांच्या दुकानांकडे. मी खळ्यात खुर्ची टाकून बसले होते. वहिनी मागच्या दारानं आली. हात अजून ओले. गाडीपाशी उभी राहून तिनं आत पाहिलं.

"ताई, हिला आतून कडी आहे?"

"आहे."

"मी जरा पडू? पाच मिनिटं."

"पड की."

तिनं पाय झाडले, आत सरकली, दार ओढलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. मी ती कडी कल्याणच्या बाजारातून आणली होती आणि चार स्क्रूंनी बसवली होती. आदल्या रात्री मी ती लावायला विसरले होते.

पाच मिनिटं कधीच होऊन गेली. पालखी मारुतीपर्यंत गेली, ढोल वाजून थांबले. भाऊ घामाघूम होऊन आला. "ताई, ही कुठाय? पाहुण्यांना चहा हवाय."

"मला काय माहीत. असेल कुठंतरी."

"अगं पण..."

"मी करते चहा. तू जा."

मी तिच्या स्वयंपाकघरात गेले. साखरेचा डबा शोधायला तीन डबे उघडावे लागले. तिच्या ओट्यावर सकाळपासूनची भांडी होती, ती बाजूला सारून पातेलं ठेवलं. चहा देऊन परत आले तरी दार बंदच होतं. मी खुर्ची गाडीच्या सावलीत घेतली आणि तिथे बसून राहिले. पोरं गाडीवर थापा मारायला आली, त्यांना हाकललं. माझ्या जागेच्या बाहेर, राखण करत.

ती बाहेर आली तेव्हा ऊन उतरलं होतं. गालावर उशीची घडी उमटलेली, पदर चुरगळलेला. थोडी घाबरून घराकडे बघत म्हणाली, "कोण विचारत होतं का?"

"चहा दिलाय मी. कोणाला सांगितलं नाही."

तिनं केस बांधले. "गादी कमी रुंद हाय," असं म्हणून पुन्हा आत पाहिलं. "पण एकटीला मोप झाली." आणि घरात गेली. थोड्या वेळानं तिचा आवाज ऐकू आला, कोणावर तरी ओरडत, साखर कोणी उघडी टाकली म्हणून.

निघायच्या दिवशी तिनं तांदळाचं पोतं आणलं आणि सवयीनं मागे ठेवायला निघाली. भाऊ ओरडला, "पुढं, पुढं! उलाळ होईल." पोतं पुढच्या पेटीत गेलं. वहिनी दारापर्यंत आली. "पुढच्या वर्षी हिला आणायचं विसरू नका हं ताई."

"नाही विसरणार," मी म्हटलं. मला या असं तिनं वेगळं म्हटलं नाही. गाडी यायची तर ओढून आणायला मी येणारच, हे तिनं धरलं असावं.

येताना रसवंतीपाशी वेग कमी केला. ओट्यावर ग्लास उपडे मांडले होते. गिऱ्हाईकं होती, म्हणून थांबले नाही.

डोंबिवलीला पोहोचले तेव्हा झेरॉक्सवाला शटर ओढत होता. मी गाडी मागे घेतली, या वेळी पहिल्याच प्रयत्नात सरळ. तो बघत उभा राहिला.

"काय मॅडम, झाला का जत्रेत धंदा?"

"झाला," मी म्हटलं.

तांदळाचं पोतं उतरवून टेबलाखाली ठेवलं. सकाळच्या बॅचसाठी मशीनवरची कव्हरं काढून ठेवली. मग शटर आतून खाली घेतलं आणि जरा पडावं म्हणून गाडीत शिरले. हात कडीपर्यंत गेला. मग तशीच राहू दिली. इथे लावायचं काही कारण नव्हतं.